व्हॅनमावशीचा ब्रेक आणि चाकाभोवतीची समिती

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हॅनमावशी गाडीत बसते आणि आधी ब्रेक दाबते. किल्ली नंतर. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पाय तसाच दाबून ठेवून मनात दहापर्यंत मोजते. पाय जिथल्या तिथे राहिला तरच पुढचं. हे तिला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलं नाही. तिथे तिला एवढंच सांगितलं होतं, की बाईमाणसानं शिकायचंच असेल तर दुपारच्या बॅचला यावं, रस्त्यावर गर्दी नसते, लोकांना त्रास होत नाही.

ज्या कारखान्यात ती औषधाच्या बाटल्यांना झाकणं बसवायची तो बंद पडला, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. मालकानं शेवटच्या दिवशी सगळ्या बायकांना एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळ कसा घालवायचा ते मात्र त्यांनी त्यांचं बघायचं होतं. बाकीच्या कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी धुणीभांडी धरली. हिनं एक जुनी व्हॅन घेतली. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी पैज लावली, महिन्याच्या आत ठोकणार. त्याला अकरा वर्षं झाली. पैज लावणाऱ्यांपैकी दोघांनी आपापल्या गाड्या ठोकल्या, एकाचं लायसन गेलं. मावशीच्या व्हॅनला मागच्या बंपरवर एकच पोचा आहे, आणि तोही वॉचमननं शाळेचं गेट मध्येच ढकललं म्हणून.

शाळेची अकरा पोरं तिच्या गाडीत असतात. कुणाला वळणावर मळमळतं, कुणाला खिडकीशी बसवलं की हात बाहेर जातो, कोणती दोन भावंडं शेजारी बसली की रक्त निघतं, हे सगळं तिला तोंडपाठ. आईबापांना पोराच्या परीक्षेचे मार्क माहीत असतात. रात्री घरात भांडण झालं की पोरगं सकाळी किती गप्प असतं, ते मावशीला माहीत असतं. पण तिच्या तोंडाला लागायला आईबाप घाबरतात. एका साहेबानं एकदा 'दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडलं' असं विचारलं, तेव्हा तिनं त्याच्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनसमोर, बाकीच्या दहा पोरांच्या दोन-दोन मिनिटांचा हिशेब करून दाखवला. साहेब तेव्हापासून पोराला घेऊन पाच मिनिटं आधीच खाली उभा असतो.

घरात एक इंजिनियरही आहे. म्हणजे तिचा नवरा. नोकरी कागदाच्या गोदामात स्टोअरकीपरची, पण पंधरा वर्षांपूर्वी त्यानं शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त केला आणि गल्लीनं त्याला ही पदवी बहाल केली. त्या मिक्सरचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. पदवीचं असंच असतं, एकदा मिळाली की परीक्षा कोण घेतो? माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, बायकोची व्हॅन दारात उभी असते याचा अभिमानही आहे. फक्त तो त्या व्हॅनमध्ये बसत नाही. पोरांच्या बिस्किटांचा वास येतो म्हणतो. त्याची स्कूटर आहे, चारचाकी तो चालवत नाही, आणि व्हॅन त्याच्या ओळखीची आहे ती समोरून, कामावरून घरी येताना दिसते तशी.

तर झालं असं. शुक्रवारी पोरं सोडून येताना व्हॅन डावीकडे ओढायला लागली. घरी येऊन मावशीनं पुढच्या डाव्या चाकापाशी हात नेला तर चटका बसला. गॅरेजच्या मिस्त्रीनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "कॅलिपर जाम झालाय." कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा पंजा. तुम्ही ब्रेक दाबला की त्यानं धरायचं, सोडला की सोडायचं. हा धरायचा, पण सोडायला तयार नव्हता. "दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे. दोन्ही बदलू. पण बुधवारी आणा, त्याआधी हाताला वेळ नाही."

शाळेचे वाहतूक प्रमुख शनिवारी फोनवर म्हणाले, "मॅडम, बुधवारपर्यंत मुलांनी काय उडत यायचं?"

"दोन दिवस आईबाप सोडतील. मी सगळ्यांशी बोलते."

"तुम्ही बोलाल हो. पण मिनीबसवाला कॉन्ट्रॅक्टर माझ्या टेबलासमोर रोज येऊन बसतो. एसी आहे त्याच्याकडे. सोमवारी तुमची व्हॅन आली नाही तर तो रूट मी त्याला देणार, आणि एकदा दिला की परत काढून घेता येत नाही. उद्या संध्याकाळी सातपर्यंत मला हो की नाही ते कळवा."

म्हणजे अकरा वर्षांची भाकरी रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत टांगणीला लागली. मावशी फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. इंजिनियर पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "बुधवार कशाला? मी आहे ना."

मावशीला तो मिक्सर आठवला. पण दुसरं गॅरेज रविवारी उघडं नव्हतं, आणि आशा वेडी असते.

रविवारी साडेनऊला त्यानं इमारतीच्या आवारात व्हॅनचं तोंड वर उचललं, खाली ठोकळे लावले, दोन्ही पुढची चाकं काढून भिंतीला टेकवली आणि कॅलिपरची शनिवारीच दुकानातून आणलेली दोन नवी खोकी घेऊन व्हॅनसमोर उभा राहिला. एकावर L, एकावर R. डाव्या हाताला L ठेवलं, उजव्या हाताला R. मागे सरकून कलाकारानं चित्र बघावं तसं बघितलं आणि कामाला लागला. मोबाइल विटेला टेकवून ठेवला होता, त्यात एक हसतमुख माणूस हेच काम वीस मिनिटांत करत होता. या व्हिडिओवाल्यांचा एकही बोल्ट कधी अडकलेला नसतो आणि एकही शेजारी कधी घरी नसतो.

दोन्ही कॅलिपर बसायला साडेअकरा वाजले. मावशी चहा घेऊन खाली आली आणि चाकाशी वाकणार तोच तो म्हणाला, "अगं, तू इकडे नको. ऑइल सांडलंय. तू आत बस. हवा काढताना ब्रेक दाबायला माणूस लागतो."

"ती नळी मुरडल्यासारखी दिसतेय हो."

"नवीन आहे सगळं. बसेल."

ती आत बसली. ब्रेकच्या नळीत ऑइल असतं, आणि नळी एकदा उघडली की आत हवा शिरते. ऑइल दाबलं तर पुढे ढकलतं, हवा दाबली तर नुसती दबते. म्हणून ती काढायची. कॅलिपरला एक छोटं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडायचं, आतल्या माणसानं ब्रेक दाबून धरायचा, बाहेरच्यानं निपल सैल करायचं, बुडबुडे निघाले की आवळायचं, मगच आतल्यानं पाय सोडायचा. साधं काम आहे. दोन माणसांचं एकमेकांवर लक्ष हवं, एवढीच अट. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या जोडप्यासाठी तीच जरा जड जाते.

"दाब. दाब. दाब. धर. सोड. दाब. दाब. दाब. धर. धर म्हटलं ना."

"धरलंय."

"सोड."

दहा-बारा फेऱ्या झाल्या. बाटलीत बुडबुडे आले, मग कमी झाले, मग बंद झाले. इंजिनियर हात पुसत उठला. मावशीनं पाय दाबला. ओल्या गादीत रुतावा तसा तो खाली गेला.

"मऊ आहे."

"तू मध्येच सोडत असशील."

आता खरं सांगायचं तर एकदा तिनं सोडला होता. पाचव्या की सहाव्या फेरीला एका पोराच्या आईचा फोन आला, हात फोनकडे गेला आणि पाय ढिला पडला. तिनं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या बावीस वर्षांच्या टोमण्यांची सोय झाली असती. तिनं फोन मागच्या सीटवर टाकला आणि म्हणाली, "परत करू."

परत केलं. परत मऊ.

एव्हाना समिती जमायला लागली होती. कुठलंही चाक उघडं पडलं की पुरुषांना त्याचा वास लागतो. आधी आले रिटायर्ड काका, वजनमापं खात्यातले, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. मग वरच्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले भावजी, धुतलेल्या कपड्यांत, खिशाला पेन. मग कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, ज्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी आणि जिभेला कधीच नाही. तिघं चाकाभोवती अर्धगोल करून उभे राहिले. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर किमान उंट तरी लागतो. इथे तीही अडचण नव्हती.

"ऑइल कुठलं वापरलंत?" काकांनी विचारलं.

"जे लागतं तेच."

"हां. तिथेच चुकतं."

काय चुकतं ते काकांनी सांगितलं नाही. झेरॉक्सवाल्यानं बॉनेट उघडून ऑइलची डबी बघितली आणि शीळ घातली. डबी तळाला गेली होती. बाटलीत ऑइल काढता काढता वरून भरायचं असतं, हे सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं होतं. वरून भरलं नाही की नळी पुन्हा हवा ओढते. म्हणजे दोन तास काढलेली हवा पुन्हा घरी परत.

"अगं, तुला आतून दिसलं नाही का डबी संपलेली?" इंजिनियरनं विचारलं.

"डबी बॉनेटखाली आहे. मी सीटवर आहे. मला काचेतून तुमची टोपी दिसते."

डबी भरली. चारही चाकांची हवा काढायची ठरली, लांबच्या चाकापासून जवळच्याकडे, व्हिडिओत सांगितलं होतं तसं. दाब, दाब, दाब, धर, सोड. दोन वाजले. झेरॉक्सवाल्याच्या सांगण्यावरून नळीच्या सांध्यातल्या तांब्याच्या चकत्या बदलल्या. इन्शुरन्सवाल्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा धरून बघितला. कागद कोरडा होता. मावशीचा पाय पोटरीपासून भरून आला होता. ब्रेक मात्र तसाच. पहिल्यांदा दाबला की खाली, लगेच परत दोन-तीनदा दाबला की वर येतो, जरा वेळ सोडला की पुन्हा खाली.

"मास्टर सिलिंडर गेला," काकांनी निदान केलं. "वरचा मुख्य पंप. तो बदलावा लागणार. आमच्या साहेबांच्या जीपला असंच झालेलं."

"काका, पंप गेला असता तर पाय धरून ठेवल्यावर हळूहळू खाली गेला असता," मावशी खिडकीतून म्हणाली. "हा धरून ठेवला की तिथेच राहतो. गळत पण नाही. म्हणजे पुढे कुठेतरी हवा अडकून बसलीय, आणि ती निघत नाहीय."

समितीनं मान वळवली. खिडकी बोलली याचं त्यांना जरा नवल वाटलं.

"वहिनी, तुम्ही पाय तेवढा दाबा," भावजी म्हणाले. "बाकी आम्ही बघतो."

हे वाक्य मावशीनं आयुष्यात कितव्यांदा ऐकलं याची मोजदाद नाही. कारखान्यात झाकणाचं मशीन अडायचं तेव्हा साहेब हेच म्हणायचे, बाई, तुम्ही हात तेवढा चालवा. मशीन कुठे अडतं ते आठ तास त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बाईला ठाऊक, आणि रिपोर्ट लिहिणार कोण, तर जो दिवसातून एकदा चक्कर मारतो तो. कारखाना बंद पडला तेव्हाही रिपोर्टच लिहिलेला होता. छान बांधलेला होता, म्हणे.

साडेतीनला व्हिडिओवाल्याचं अखेरचं वाक्य इंजिनियरनं तिसऱ्यांदा ऐकलं: ब्रेक कडक होईपर्यंत हीच क्रिया करत राहा. त्यानं ती चाळीस-पंचेचाळीस वेळा केली होती. हाताची कातडी निघाली होती, आवाज बसला होता. आता त्याला राग करायलाही त्राण नव्हतं. अशा वेळी समित्या जे करतात तेच या समितीनं केलं. काम होत नाही म्हटल्यावर काम झालं असं जाहीर केलं.

"दोन-तीनदा मारल्यावर लागतोय ना?" काका म्हणाले. "मग झालं. जुन्या गाड्यांना असंच असतं. हळूहळू आपोआप बसतं."

"सावकाश चालवायची दोन दिवस," झेरॉक्सवाला म्हणाला. "बुधवारी मिस्त्री आहेच."

"आणि हँडब्रेक आहे की," भावजी म्हणाले.

चाकं चढवली, ठोकळे काढले. मावशीनं व्हॅन सुरू केली आणि आवारातल्या आवारात, चालत्या माणसाच्या वेगानं, गेटकडे नेली. गेटच्या हातभर अलीकडे तिनं ब्रेक दाबला. पाय खालच्या चटईला टेकला. तिनं हँडब्रेक खेचला तेव्हा बंपर आणि गेट यांच्यात पोस्टाचं पाकीट जेमतेम मावलं असतं.

तिला समोर गेट दिसत नव्हतं. शाळेचा उतार दिसत होता. खाली चौक, चौकात भाजीच्या गाड्या, आणि मागे अकरा पोरं, त्यातलं एक नेहमी सीटवर गुडघ्यांवर उभं राहणारं. तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सातला फोन करून 'नाही' म्हटलं तर सोमवारपासून ती घरी बसणार. 'हो' म्हटलं तर सकाळी त्या उतारावर दोन-तीनदा पाय मारायला वेळ मिळेल की नाही हे तिला माहीत नव्हतं.

ती खाली उतरली. व्हॅनचा सरकता दरवाजा पार मागेपर्यंत ढकलला.

"बसा," ती म्हणाली.

"कुठे?" काकांनी विचारलं.

"शाळेच्या उतारापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही तिघं म्हणताय ना गाडी चालेल? सोमवारी पोरं बसणार आहेत. आज तुम्ही बसा. जागा भरपूर आहे, पोरांपेक्षा तुम्ही कमी आहात."

काकांना एकदम आठवलं की त्यांची रक्तदाबाची गोळी राहिलीय. खुर्ची घडी करताना त्यांचं बोट तिच्यात सापडलं, तरी ते थांबले नाहीत. झेरॉक्सवाला म्हणाला की त्याचा मेव्हणा येणार होता, बहुतेक आलाच असेल. भावजी तिथेच उभे राहिले, कारण त्यांना ठोस कारण सुचेना.

"भावजी, तुम्ही तर विमा विकता," मावशी म्हणाली.

"वहिनी, विकतो. पण तो दुसऱ्यांसाठी असतो," भावजी म्हणाले, आणि जिना चढून गेले. समितीतलं दिवसभरातलं एकमेव खरं वाक्य तेवढंच होतं.

राहिला इंजिनियर. तो चाकापाशी उभा होता, काळे हात दोन्ही बाजूंना धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. त्यानं एकदा उघड्या दरवाजाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग व्हॅनला वळसा घालून गेला, ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं आणि आत बसला. बेल्ट लावला. बेल्टवर काळी बोटं उठली.

"उतरा," ती म्हणाली. "मी काही नेणार नाहीय. त्यांना दाखवायचं होतं."

"बसतो की. मी लावलाय ब्रेक. मी नाही बसायचं तर कुणी?"

तिला त्याचं हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. तीही आपल्या सीटवर येऊन बसली. दोघं तसेच बसून राहिले, समोर गेट. तो इकडेतिकडे बघत होता, भाड्याच्या नव्या घरात पहिल्यांदा आल्यासारखा.

"इथून सगळं उलटं दिसतं गं," तो म्हणाला.

"काय उलटं?"

"नाही, म्हणजे समोर उभं राहिलं की ही बाजू उजव्या हाताला येते. इथे बसलो तर डाव्या."

मावशीनं हळूच मान वळवली.

"तुम्ही बसलायत त्या बाजूच्या चाकाला कुठल्या खोक्यातला कॅलिपर लावलात?"

"R."

"आणि ही गाडीची कुठली बाजू?"

समोरच्या काचेतून त्याला जणू तो स्वतःच दिसत होता, सकाळी साडेनऊचा, दोन खोकी घेऊन गाडीकडे तोंड करून उभा. स्वतःचा डावा हात, स्वतःचा उजवा हात. गाडीची डावी-उजवी बाजू ती चालवायला बसलेल्या माणसावरून ठरते, हे ज्यानं त्या जागी कधी बूड टेकवलं नाही त्याला कसं सुचावं? कागदाच्या गोदामात खोकी समोरूनच मोजतात.

मावशी टॉर्च घेऊन खाली उतरली आणि दिवसभरात पहिल्यांदा चाकामागे डोकं घातलं. दर महिन्याला ती निपलवरचा चिखल पुसून त्याची रबरी टोपी बघायची. ते निपल कायम वरच्या अंगाला असायचं. आता ते खाली जमिनीकडे बघत होतं.

"ती बाटली आणा," ती म्हणाली. बाटलीत अर्धं ऑइल होतं. तिनं झाकण लावून ती त्याच्यासमोर धरली आणि उलटी केली. बुडबुडा सरसर वर गेला. सुलटी केली, परत वर गेला. "हवा कुठे जाते?"

"वर."

"आणि तुम्ही भोक कुठे ठेवलंत?"

दोन्ही कॅलिपर गाडीच्या उलट्या अंगाला बसले होते. बसले चांगले घट्ट, बोल्ट जागेवर, फक्त निपलं खाली. ऑइल खालून निघून जात होतं आणि हवेचा फुगा वर आरामात बसून पंचेचाळीस वेळा 'दाब, दाब, दाब, धर' ऐकत होता.

"मी खोकी—" तो म्हणाला.

"नंतर बोलू. साडेचार वाजले. उचला गाडी."

पुन्हा ठोकळे, पुन्हा चाकं भिंतीला. डावा डावीकडे आला, उजवा उजवीकडे. मुरडलेली नळी आपणहून सरळ झाली. आणि मग मावशीनं नवऱ्याच्या हातातून पाना घेतला.

"आता तुम्ही आत बसा."

"मी?"

"ब्रेक दाबायला माणूस लागतो."

तो बसला. तिनं आधी डबी काठोकाठ भरली, मग चाकापाशी मांडी घातली. "दाबा. दाबा. दाबा. धरा." निपल सैल केल्याबरोबर नळीतून आधी फेस आला, मग एक लांबलचक बुडबुडा, मग नुसतं ऑइल. "सोडा." दर तीन फेऱ्यांनी ती उठून डबी बघायची. आत बसलेला इंजिनियर एकदाही चुकला नाही. एकदा फक्त त्यानं विचारलं, "पाय असाच दुखतो का नेहमी?"

"दोन तासांनी जास्त दुखतो."

दुसऱ्या चाकाचंही झालं. ती आत येऊन बसली आणि पाय ठेवला. बोटभर खाली गेला आणि दगडावर टेकल्यासारखा थांबला. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

गॅलरीतून काकांचा आवाज आला. गोळी घेऊन झाली असावी. "काय रे, झालं का? कुठे घोडं पेंड खात होतं?"

"डावं-उजवं झालं होतं," इंजिनियर म्हणाला.

झालं होतं. कुणी केलं, ते तो बोलला नाही. आपल्याकडे चुका होतात, करत कुणीच नाही. मावशीनं ऐकलं आणि चाकाचे बोल्ट आवळत राहिली. सगळं एका दिवसात मागायला ती काही अडाणी नव्हती.

"मी म्हणतच होतो, हवा असणार," काका म्हणाले आणि आत गेले.

सव्वासहाला व्हॅन गेटबाहेर पडली. इंजिनियर न सांगता पुढच्या सीटवर बसला होता. आधी सपाट रस्त्यावर तीनदा थांबवली, मग शाळेच्या उतारावर नेली. चौकाच्या अर्ध्या वाटेवर तिनं ब्रेक दाबला. व्हॅन सरळ रेषेत, न ओढता, उभी राहिली. इंजिनियरचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. त्यानं ते हळूच मांडीवर घेतले. व्हॅन मागे वळवून ती पुन्हा वर गेली, पुन्हा आली. या खेपेला जरा वेगात. पुन्हा थांबली.

सात वाजायला दहा मिनिटं होती. उतारावर गाडी उभी करून तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, बोला. हो की नाही?"

"हो. व्हॅन येईल."

"वेळेत?"

"सहा चाळीसला पहिलं पोरगं घेईन."

"मग प्रश्न मिटला. मी त्या मिनीबसवाल्याला कळवतो. पण हे वारंवार होता कामा नये हां."

ती फोन ठेवणार होती. पण तिचं डोकं फिरलं, आणि ते फिरलं की भाकरी टांगलेली आहे की उतरवलेली हे ती बघत नाही.

"साहेब, काल मी तुम्हाला सांगितलं, गाडीच्या ब्रेकचं काम आहे. आज मी म्हणाले, येते. ब्रेक लागतो का, ते तुम्ही विचारलं नाहीत."

साहेब म्हणाले, "मॅडम, ते टेक्निकल. ते तुमचं तुम्ही बघायचं. माझ्याकडे रजिस्टरमध्ये फक्त आली की नाही आली एवढाच रकाना आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

इंजिनियर समोर चौकाकडे बघत होता. भाजीच्या गाड्यांवर दिवे लागत होते. दोन पोरं चेंडूमागे धावत रस्ता ओलांडून गेली.

"लागतोय की आता," तो म्हणाला. "घरी जायचं?"

मावशीनं आरसा सरळ केला आणि रिव्हर्स टाकला.

"बसा. अजून एकदा. मागच्या सीटवर पोरांएवढं वजन टाकून बघायचंय. वाटेत वाळूची पोती मिळतात का बघू."